अँटेना काढून टाकली: सप्ताहासाठी केलेल्या घरगुती व्हिडिओ ट्रान्समीटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०१३ सालचं. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातला एक मुलगा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मी त्याचा प्रकल्प-मार्गदर्शक होतो. मुलाचं, गावाचं आणि संस्थेचं नाव देत नाही. बाकी सगळं घडलं तसं लिहितो, माझी चूक धरून.

त्याच्या गावात दत्तजयंतीला अखंड हरिनाम सप्ताह होतो. काकडा, पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काला. जनाबाईंच्या गंगाखेडचा हा मुलूख, त्यामुळे कीर्तनाला आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरूनही माणसं येतात. मांडव मारुतीच्या पारापुढं. तिथं जागा पुरेना म्हणून दोन-तीन वर्षांपासून बायकांची बैठक मागच्या गल्लीतल्या शाळेच्या अंगणात हलवली होती. भोंग्यामुळं ऐकू सगळं यायचं, दिसायचं काहीच नाही. त्याची आजी त्याला म्हणाली होती, "महाराज हातवारे करून काय दाखवायलेत ते आमाला कळंना बाबा. नुसते हसायचे आवाज येतेत तिकडून."

एवढ्यावरून त्यानं प्रकल्प ठरवला. सप्ताहाचं शूटिंग करायला दरवर्षी कॅमेरावाला येतोच. त्याच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओची तार बाहेर काढायची, छोट्या ट्रान्समीटरला जोडायची आणि शाळेतल्या टीव्हीवर चित्र बिनतारी दाखवायचं. मांडव ते शाळा गल्लीगल्लीनं मोजलं तर ११० मीटर. गावातून तीन टीव्ही मिळणार होते. एक रंगीत, दोन जुने कृष्णधवल. कृष्णधवल संचांना व्हिडिओ जोडायची पिन नव्हती, फक्त अँटेनाची जागा होती. ही बाब तेव्हा क्षुल्लक वाटली, पण पुढं सगळा निर्णय तिच्यावरच फिरला.

प्रकल्पाच्या अर्जावर त्यानं 'एक ट्रान्झिस्टर व्हिडिओ ट्रान्समीटर' असं लिहिलं. मी वाचलं, आवडलं आणि सही केली. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती शक्तीनं, परवान्याचं काय, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. या प्रकरणातला निर्णयाचा पहिला क्षण तो होता आणि तो माझ्या हातून तसाच निसटला.

सर्किट काय होतं

सर्किट साधं. दोन-एन-२२२२ जातीचा एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या इनॅमल तारेची कॉइल, एक ट्रिमर (स्क्रूनं फिरवून कमीजास्त करायचा छोटा कॅपॅसिटर), चार-सहा रोध आणि कॅपॅसिटर, ९ व्होल्टचा रेग्युलेटर. कॉइल आणि ट्रिमर मिळून ट्रान्झिस्टरला डोलायला लावतात आणि त्यातून वाहक लहर तयार होते. कॅमेऱ्याचा व्हिडिओ त्या लहरीची उंची कमीजास्त करतो. टीव्ही त्या उंचीवरून चित्र परत काढतो.

आकडे सांगतो, कारण पोरं कॉइलपाशीच अडकतात. ८ मिलिमीटरच्या गाभ्यावर ७ वेढे घेऊन ते साधारण १ सेंटिमीटरमध्ये बसवले तर ०.२२ मायक्रोहेन्रीच्या आसपास कॉइल होते. तिच्याशी ट्रिमर, ट्रान्झिस्टर आणि बोर्डाची धरून ३० पिकोफॅरड धारिता लागली की लहर ६२ मेगाहर्ट्झला बसते. पाल-बी या आपल्याकडच्या टीव्ही-प्रक्षेपणाच्या पद्धतीतला ४ नंबरचा चॅनेल तो हाच. वेढे ताणले तर फ्रिक्वेन्सी वर जाते, दाबले तर खाली. आणि हात जवळ नेला तरी खाली येते. ३० पिकोफॅरडमध्ये हाताचा नुसता १ पिकोफॅरड मिसळला तरी लहर १ मेगाहर्ट्झनं सरकते. चॅनेल सगळा ७ मेगाहर्ट्झ रुंद, त्यात १ सरकला की रंग उडतो आणि कडा विस्कटतात. तो ट्रिमर फिरवायचा, चित्र छान लागायचं आणि स्क्रू-ड्रायव्हर बाजूला घेतला की जायचं. शेवटी प्लॅस्टिकच्या जुन्या ब्रशचा दांडा घासून त्यानं त्याचं टोक केलं, तेव्हा ट्रिमर मनासारखा बसू लागला.

अडचण पहिली: चित्र

प्रयोगशाळेत पहिल्यांदा लागलेलं चित्र पाहून तो गप्पच झाला. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं, आणि सगळं तिरपं. "सर, चित्र पळायलंय," एवढंच म्हणाला.

कारण पुस्तकात एका ओळीत असतं, पण समोर दिसल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. कॅमेऱ्यातून येणारा व्हिडिओ १ व्होल्ट उंचीचा. त्यातले खालचे ०.३ व्होल्ट सिंकचे, म्हणजे ओळ कुठं सुरू होते ते टीव्हीला सांगणारे. वर पांढरं. पण आपल्याकडच्या प्रक्षेपणाच्या पद्धतीत लहर उलटी भरलेली असते. सिंकच्या टोकाला लहर पूर्ण १०० टक्के, काळ्याला ७५ च्या आसपास आणि लख्ख पांढऱ्याला जेमतेम १०. असं करण्यामागं विचार आहे. मोटारीच्या ठिणगीसारखा खरखराट लहर वाढवतो, म्हणजे पडद्यावर तो पांढऱ्याऐवजी काळा ठिपका होतो आणि डोळ्याला कमी खुपतो. त्यानं व्हिडिओ सरळ ट्रान्झिस्टरच्या बेसवर दिला होता. पांढरं आलं की लहर वाढायची आणि टीव्ही पांढऱ्यालाच सिंक समजून त्याच्यामागं धावायचा.

मधे एक ट्रान्झिस्टर घालून व्हिडिओ उलटा केला. चित्र सरळ झालं, स्थिर झालं. वर्गातली पोरं गोळा झाली. त्यानं गेल्या वर्षीच्या सप्ताहाची कॅसेट कॅमेऱ्यात लावली आणि नवीनच गंमत दिसली. महाराज लांब असताना चित्र ठीक. कॅमेरा जवळ गेला आणि पांढरा फेटा आणि पांढरा सदरा चौकटभर झाला की वरच्या ओळी वाकायच्या, फेटा एका बाजूला ओढल्यासारखा दिसायचा. मृदंगवाल्यावर कॅमेरा गेला की पुन्हा सरळ.

दोन दिवस तो कॉइलला दोष देत राहिला. दोष कॉइलचा नव्हता. व्हिडिओ कॅपॅसिटरमधून आला की त्याची सरासरी शून्यावर येऊन बसते. चौकट बहुतेक पांढरी असेल तर सिंकची टोकं सरासरीपासून लांब ढकलली जातात. तिथं ट्रान्झिस्टर आधीच शेवटच्या टोकाला पोचलेला, मग टोकं दबतात. उपाय एका डायोडचा: सिंकचं टोक दर ओळीला एकाच पातळीवर आणून बांधायचं. सेकंदाला १५,६२५ ओळी, म्हणजे तेवढ्या वेळा बांधायचं. एक वन-एन-४१४८ डायोड लावला आणि फेटा सरळ झाला. हा भाग मी मुद्दाम लांबवून लिहिला, कारण या मुलानं सहा सत्रांत जे नुसतं पाठ केलं होतं ते त्याला त्या फेट्यानं शिकवलं.

आवाज पाठवायचा नाही हे मात्र आम्ही पाच मिनिटांत ठरवलं. त्यासाठी ५.५ मेगाहर्ट्झची वेगळी लहर लागते, आणि भोंगा होताच.

अडचण दुसरी: तात्यांचा रेडिओ

दिवाळीच्या सुट्टीत तो सर्किट घेऊन गावी गेला. जाताना मी म्हणालो, "घरी नीट तपासून बघ." अँटेना लावू नको, असं म्हणालो नाही.

प्रयोगशाळेत आमच्या टीव्हीवर ४ नंबर लावत होतो. गावात त्याच्या घरच्या संचावर २ नंबरचा चॅनेल जास्त स्वच्छ लागत होता, म्हणून त्यानं कॉइल दाबून लहर ४८.२५ मेगाहर्ट्झला आणली, गच्चीवर दीड मीटरची तार उभी केली आणि संध्याकाळी मला फोन केला. "सर, लागलं! तीन घरं सोडून चुलत्याच्या टीव्हीवर दिसायलंय!" त्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो. मीही तितकाच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आवाज उतरलेला. शेजारी राहणारे तात्या पडवीत बसून संध्याकाळी एफएम ऐकतात. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या रेडिओवर घर्र असा आवाज येत होता. त्यांना वाटलं रेडिओ गेला. याला शंका आली. सर्किट बंद केलं तर घरघर बंद, चालू केलं की सुरू. "सर, मी तर एफएमला हात बी लावला नव्हता. कामून असं व्हायलंय?"

त्यानं स्वतःहून हे सांगितलं. लपवलं असतं तर मला कळलं नसतं आणि तात्यांनी रेडिओ दुरुस्तीला टाकला असता.

मी कागद घेतला आणि तीन गुणाकार केले. असं एक-ट्रान्झिस्टर सर्किट शुद्ध लहर कधीच देत नाही. ट्रान्झिस्टरमधून प्रवाह धक्क्या-धक्क्यानं वाहतो, त्यामुळं मूळ लहरीबरोबर तिची दुप्पट, तिप्पटही बाहेर पडते. ४८.२५ ची दुप्पट ९६.५. एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८, त्याच्या ऐन मध्यावर. आणि ती नुसती एक रेघ नसते. व्हिडिओ दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, म्हणून घरघर एका स्टेशनापुरती राहत नाही.

मग ३ नंबर घ्यावा? ५५.२५ ची दुप्पट ११०.५. एफएम सुटला, पण १०८ ते ११८ हा पट्टा विमानांना दिशा आणि धावपट्टी दाखवणाऱ्या यंत्रांचा. ४ नंबर? ६२.२५ ची दुप्पट १२४.५, आणि ११८ ते १३७ मध्ये वैमानिक आणि नियंत्रण कक्ष एकमेकांशी बोलतात. नांदेडलाही विमानतळ आहे, लातूरलाही. खालच्या पट्ट्यातले तिन्ही चॅनेल पाहिले आणि तिन्हींची दुप्पट कुणाच्या ना कुणाच्या दारात जाऊन पडत होती. मी फोनवर एवढंच म्हणालो, "अँटेना आत्ता खाली काढ. पुढचं सुट्टी संपल्यावर बोलू."

समोरचे पर्याय

तो परत आला तेव्हा सप्ताहाला महिनाभर होता. आम्ही टेबलाशी बसलो आणि वाटा मोजल्या.

पहिली वाट म्हणजे आहे तेच सुधारायचं. फिल्टर लावायचा, शक्ती कमी करायची आणि अँटेना ठेवायची. त्याचं मन इथंच होतं. पण इथं कायदा आडवा येतो, आणि तो मी सही करतानाच सांगायला हवा होता. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा तेव्हा लागू होते. १९३३ चा कायदा नुसत्या प्रक्षेपणालाच नव्हे, असं यंत्र जवळ बाळगायलाही परवाना मागतो. टीव्हीच्या पट्ट्यावर घरगुती प्रक्षेपणाला मोकळीक कुठंच नाही. "रेंज कमी आहे, कोण बघतंय" हे आपल्या बाजारात सर्रास ऐकू येतं. तात्यांच्या पडवीनं त्याचं उत्तर आधीच दिलेलं होतं.

दुसरी वाट तयार यंत्राची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याविना मोकळा आहे आणि त्यावर व्हिडिओ पाठवणाऱ्या जोड्या बाजारात मिळतात. पण तयार यंत्रालाही सरकारी मान्यता हवी आणि आम्हाला दाखवलेल्या डब्यांवर तसं काही नव्हतं. शिवाय या लहरी पाण्यात मुरतात, आणि माणसाचं अंग बहुतेक पाण्याचंच. मधे कीर्तनाला बसलेली अख्खी गर्दी, वर पत्र्याचा मांडव. आणि मग प्रकल्प कशाचा, विकत आणलेल्या डब्याचा?

तिसरी वाट सगळ्यात साधी: कॅमेऱ्याचा व्हिडिओ आहे तसा ७५ ओहमच्या केबलनं शाळेत न्यायचा. रंगीत टीव्हीला चाललं असतं. कृष्णधवल दोन्ही संचांना पिनच नाही. तीनशे-चारशे बायकांना एक टीव्ही कसा पुरणार?

चौथी वाट मी सुचवली आणि तो नाराज झाला. सर्किट तेच, फक्त अँटेनाच्या जागी केबल. लहर केबलच्या आतूनच शाळेत जाईल आणि टीव्हीच्या अँटेनाच्या पिनेत शिरेल. टीव्हीला काय, लहर हवेतून आली की तारेतून, सारखंच.

"सर, मग याला ट्रान्समीटर कसं म्हणायचं? तार लावून तर कोण बी चित्र नेतंय."

त्याचं दुःख खरं होतं. तीन घरं पलीकडं स्वतःच्या हातानं चित्र पोचवलेल्या मुलाला आता तार ओढ म्हणणं सोपं नाही. मी त्याला लहानपणीचा टीव्ही गेम आठवायला सांगितला. कॅसेट घालून खेळायचा तो. त्याची तार टीव्हीच्या कुठं लागायची? अँटेनाच्या पिनेत. म्हणजे त्या खेळण्यात काय होतं? तो थांबला. मग प्रयोगशाळेच्या अडगळीतला एक मोडका खेळ आणला, उघडला आणि आतला पत्र्याचा चौकोनी डबा टाचणीनं उचकटला. आत कॉइल, ट्रिमर, दोन ट्रान्झिस्टर आणि बाहेर पडायच्या वाटेवर रोधांची एक छोटी साखळी. "हे तर आपलंच सर्किट हाय," तो म्हणाला. आपलंच होतं. फक्त ते पत्र्यात कोंडलेलं होतं आणि बाहेर किती सोडायचं ते कुणीतरी विचार करून ठरवलेलं होतं.

निर्णय तिथं झाला. मी तो लादला असता तर त्यानं ऐकलं असतं, पण गावी जाऊन पुन्हा तार उभी केली असती, असं मला वाटतं.

काय केलं

आधी अँटेनाची जागा बंद केली आणि तिथं खोटा भार, म्हणजे लहर हवेत न सोडता जिरवणारा रोध, लावला: १५० ओहमचे दोन कार्बन रोध समांतर, म्हणजे ७५. तारेचे वेढे असलेले रोध इथं चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल होतात. लहर पुन्हा ६२.२५ वर आणली.

मग मोजलं आणि थक्क झालो. सर्किट १० मिलिवॉटच्या आसपास देत होतं. ७५ ओहमवर तो पाऊण व्होल्टच्या वर जातो. टीव्हीला लागतात एखाद-दोन मिलिव्होल्ट. केबलमध्ये आणि वाटणीत जाणारं धरलं तरी आम्ही गरजेच्या शंभर पट लहर तयार करत होतो. म्हणून रोधांची साखळी घालून ती ४० डेसिबलनं, म्हणजे व्होल्टमध्ये शंभर पटींनी कमी केली. एका दगडात तीन पक्षी: टीव्ही गुदमरायचा थांबला, केबल हलवली तरी लहर सरकेना, आणि दुपटीची लहरही तितकीच घटली. साखळीच्या पुढं फिल्टरही लावला. दोन्ही टोकांना २७ पिकोफॅरड, मधे ०.३२ मायक्रोहेन्रीची कॉइल. ७५ मेगाहर्ट्झच्या वरचं तो अडवतो. १२४.५ ला साधारण १३ डेसिबल, म्हणजे जाणारी शक्ती विसाव्या हिश्शावर.

सगळं सर्किट त्यानं दुधाच्या पावडरीच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. तळाशी खिळ्यानं भोकं पाडून आत बोर्ड, पत्र्याला कथील धरावं म्हणून कानशीनं घासून चकाकी काढलेली. झाकण लावताच ६२.२५ चं ६३ च्या पुढं गेलं. डब्याचा पत्रा कॉइलशेजारी आला की तिचं मूल्य घटतं. ट्रिमरच्या समोर झाकणाला भोक पाडून, झाकण लावूनच पुन्हा जुळवावं लागलं.

केबल आरजी-६ घेतली, डिशवाले वापरतात तीच. या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरमागं ५-६ डेसिबल जातात, ते परवडत होतं. ती गल्लीत विजेच्या खांबांवरून न्यायची नाही हे मी बजावलं. घरांच्या वळचणीनं नेली, शाळेत तीन तोंडी स्प्लिटर.

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी मी गावात पोचलो. चित्र लागलं. सात वाजता भारनियमन सुरू झालं, मांडव जनरेटरवर गेला आणि तिन्ही टीव्हींवर एक रुंद काळपट पट्टा खालून वर हळूहळू सरकू लागला. शाळेला वेगळ्या फीडरची लाइन होती, ती गेली नव्हती. कॅमेरा जनरेटरच्या अर्थिंगवर, टीव्ही लाइनच्या, आणि दोन्ही जमिनींमधला फरक केबलच्या जाळीतून, म्हणजे मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणातून, वाहत होता. पट्टा सरकत होता कारण जनरेटरची आणि लाइनची फ्रिक्वेन्सी टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही.

चौथी वाट इथं तिसरीपेक्षा सरस ठरली. नुसता व्हिडिओ असता तर त्यातून ५० हर्ट्झ वेगळं काढणं अवघड. आमची लहर मात्र ६२ मेगाहर्ट्झची. केबलच्या मधल्या तारेत आणि जाळीतही १ नॅनोफॅरडचा सुरक्षा श्रेणीचा कॅपॅसिटर घातला. लहरीला तो अडीच ओहमचा, म्हणजे जणू नाहीच. ५० हर्ट्झला तीस लाख ओहमांवरचा, म्हणजे भिंत. मुलगा पेट्रोमॅक्सच्या उजेडात कथील वितळवत होता आणि विणेकरी काका डोकावून विचारत होते, "झालं का रं?" पावणेनऊला झालं. पट्टा गेला.

तात्यांना त्यानं मुद्दाम रेडिओ घेऊन बोलावलं होतं. डब्याला टेकवून रेडिओ एफएमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. घरघर नव्हती. मग केबलच्या जोडण्यांशी फिरवला. शाळेजवळच्या एका जोडणीशी बारीक गुणगुण आली. जाळी नीट दाबली गेली नव्हती. ती जोडणी कापून पुन्हा केली.

काय निष्पन्न झालं

सात दिवस चित्र चाललं. तिसऱ्या दिवशी पहाटे काकड्याच्या वेळी थंडीनं लहर सरकली आणि चित्र फिकं पडलं. त्यानं ब्रशचा दांडा घेऊन सांभाळून घेतलं. सूर्य वर आला की पुन्हा उलटं फिरवावं लागायचं. तेवढी एक कटकट शेवटपर्यंत राहिली. काल्याच्या दिवशी दहीहंडी फुटली तेव्हा शाळेच्या अंगणातल्या बायका मांडवातल्या लोकांबरोबरच ओरडल्या. आजवर त्यांना तो क्षण नुसत्या गलक्यावरून ओळखावा लागायचा.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "शीर्षकात ट्रान्समीटर आहे, अँटेना कुठंय?" त्यानं तिन्ही गुणाकार फळ्यावर मांडले. गुण चांगले पडले, पण मला आठवतं ते हे की त्यानं तात्यांच्या रेडिओची गोष्ट सांगायला कमीपणा मानला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझं. अर्जावर सही करताना "लहर कुठं जाणार?" हा एक प्रश्न विचारला असता तर तात्यांची संध्याकाळ वाचली असती आणि महिना वाया गेला नसता. आता माझ्याकडं ट्रान्समीटरचा कोणताही प्रकल्प आला की विद्यार्थ्यानं पहिल्या पानावर फ्रिक्वेन्सी, तिची दुप्पट, तिप्पट आणि त्या-त्या पट्ट्यावर कोण बसलंय ते लिहून आणायचं. मग भार, मग डबा. अँटेनाचा विषय त्यानंतर, आणि तोही परवाना असेल तरच.

डबा पहिल्या दिवसापासून हवा होता. उघड्या बोर्डावर जुळवलेली कॉइल डब्यात गेल्यावर पुन्हा जुळवावीच लागते, हा कष्ट दुप्पट होतो.

थंडीनं सरकणाऱ्या लहरीवर खरा उपाय स्फटिकाचा, म्हणजे क्रिस्टलवर चालणारा ऑसिलेटर. तो तेव्हा जमला असता. आम्ही वेळ नाही म्हणून सोडला. वेळ होता, तो अँटेनाच्या नादात गेला होता.

एका गोष्टीवर माझं मन अजून पक्कं नाही. ती अँटेना गच्चीवर उभी राहिली नसती तर मुलाला हे सगळं इतकं भिडलं असतं का? दुपटीच्या लहरीचा धडा मी दरवर्षी फळ्यावर देतो, पोरं उतरवून घेतात आणि विसरतात. तरी मी उत्तर असंच देईन की हे टीव्हीला दोन हात केबल लावून, शेजारी रेडिओ ठेवून प्रयोगशाळेतही दाखवता येतं. आता दाखवतो. घरघर तिथंही ऐकू येते आणि कुणाचा कार्यक्रम जात नाही.

अलीकडं विद्यार्थी म्हणतात, सर, दूरदर्शनचे बहुतेक जुने अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद झाले, मग तो पट्टा रिकामाच आहे की. टीव्हीसाठी रिकामा दिसला तरी तो आपला होत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही लहरींचा वापर सरकारच्या परवानगीनंच होतो. आणि दुप्पट तर अजून तिथंच पडते, एफएमवर आणि विमानांवर. हे मी त्यांना त्या डब्यावरूनच सांगतो. मुलानं तो जाताना प्रयोगशाळेला दिला. एका बाजूला अँटेनासाठी त्यानं मूळ आराखड्याप्रमाणं पाडलेलं भोक आहे. सप्ताहाला निघायच्या आदल्या रात्री ते त्यानं कथिलानं बुजवलं आणि वरून कानशीनं घासून सपाट केलं. बोट फिरवलं की कडा अजून लागते.